बियाला ठेवलेलं पडवळ

उरणजवळच्या मोरा बंदराहून आलेलं ते पत्र मला अजून जवळजवळ पाठ आहे. उत्तर लिहायला बसलो की आधी मी ते पुन्हा वाचत असे, आणि वाचून झालं की दोन्ही कागद मिटून ठेवत असे. निळं आंतर्देशीय, मोठं सुटं अक्षर, खाली सही साबिरा मुकरी. दोन हजार दहाचा उन्हाळा होता.

‘जनाब पोंक्षे साहेब,’ असं त्यांनी लिहिलं होतं, ‘पनवेलच्या साप्ताहिकातला तुमचा बियाण्यांवरचा लेख वाचला. बाजारची पाकिटं घेऊ नका, त्यांचं बी धरता येत नाही, दर वर्षी त्यांच्याच दारात जावं लागतं, असं तुम्ही लिहिता. बरोबर आहे, आमचाही अनुभव तोच. मग बी घ्यायचं कुणाकडून, ते मात्र लेखात नाही. मेहरबानी करून पत्ता कळवा. आमचं परसू चार खाटांएवढं आहे. माझे अब्बा दाऊद मुकरी कुवेतला होते तेव्हा परसू ओस पडलं आणि घरचं पडवळाचं बी गेलं. लांब, पांढऱ्या रेघांचं पडवळ होतं. आता अब्बांचं जेवण सुटत चाललंय. बाजारचं पडवळ पुढ्यात ठेवलं की म्हणतात, हे पाणी आहे. एकदा तो वेल त्यांना पुन्हा दिसावा, त्याचे दोन घास खावेत, एवढंच मनात आहे. जवाबाची वाट पाहते.’

प्रश्न साधा होता. पत्ता कळवा. आणि तो माझ्याकडे नव्हता.

मी जन्मभर मुंबईतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढून संसार केला. माझ्या स्वतःच्या नावाने छापून आलेला मजकूर म्हणजे हा एकच लेख, तोही निवृत्तीनंतर. नवीन पनवेलला तळमजल्यावर घर घेतलं तेव्हा खिडकीखाली मातीची एक पट्टी मिळाली. तिथे मी पाकिटातली भेंडी लावली. ती अशी आली की रमा, माझी बायको, शेजारणींना वाटून थकली. मग मी शहाणपणाने त्यातल्या निबर भेंड्या सुकवून बी धरलं आणि पुढच्या वर्षी तेच पेरलं. काही झाडं गुडघ्याएवढी राहिली, काही माझ्या डोक्यावर गेली, आणि भेंड्या पाहून रमा म्हणाली, “ही भाजी आहे की हवामानाचा अंदाज?”

त्या रागात मी वाचत सुटलो. संकरित म्हणजे काय, बियाण्यांच्या लहान कंपन्या मोठ्या कंपन्या कशा विकत घेतात, सगळं. आणि लेख लिहिला. शेवटचं वाक्य होतं, ‘घरच्या बागेसाठी तरी वाचकांनी स्वतंत्र आणि विश्वासू ठिकाणाहूनच बी घ्यावे.’ ते ठिकाण कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं. लेखाला शेवट हवा होता म्हणून ते वाक्य आलं. साप्ताहिकाच्या मागच्या पानावर एका बियाणे कंपनीची रंगीत जाहिरात होती, हे मला अंक हातात आल्यावर दिसलं.

पेरणीला अजून थोडे दिवस होते. तेवढ्यात पत्ता शोधून कळवू, असं मी ठरवलं आणि जुन्या बाजारात धर्मराजच्या दुकानात गेलो. बी, खतं, फवारे, सगळं तिथे मिळतं. पडवळाची पाकिटं मागून घेतली आणि चष्मा बदलून त्यांच्या पाठी वाचायला लागलो.

“काका, पाकीट घ्यायला आलात की वाचायला?” धर्मराजने विचारलं.

“गावठी हवं होतं. बी धरता येईल असं.”

“चार कंपन्यांचं ठेवलंय तुमच्यासाठी. कुठलं देऊ बोला.”

चार पाकिटं, चार नावं, चार रंग. मागे अगदी खाली, मुंगीच्या पायाएवढ्या टाइपात, पत्ता. तसला टाइप वाचण्यात माझे डोळे गेले आहेत, त्यामुळे मला तो दिसतो. तीन पाकिटांवर पत्ता एकच होता. इमारत तीच, मजलाही तोच.

“ही तिन्ही एकाच कंपनीची आहेत,” मी म्हणालो.

धर्मराजने पाकिटं लांब धरून डोळे बारीक केले. “आयला! मी समजत होतो तीन भाऊ भांडून वेगळे निघालेत. हे तर अजून एकाच चुलीवर जेवतायत.” गिऱ्हाइकं हसली. “काका, तुम्ही रोज या. माझा माल मलाच कळायला लागेल.”

चौथ्या पाकिटावर मात्र नऊवारीतली एक आजी सुपात बी पाखडत होती. ‘मूळ वाण. बी धरता येते.’ पत्ता जुन्नरकडच्या एका खेड्याचा, एका कुटुंबाचा. मला इतका आनंद झाला की मी दोन पाकिटं घेतली. पण न तपासलेला मजकूर पुढे पाठवायचा नाही ही सवय. एकदा मोडली होती, पुन्हा मोडायची नव्हती. म्हणून मोऱ्याला लिहिण्याआधी मी त्या कुटुंबाला पत्र लिहिलं: हे बी तुमचंच ना, आणि लांब रेघांचं पडवळ आहे ना?

उत्तर येईपर्यंत मृग सरला. कागद गुळगुळीत होता. आपल्या प्रेमामुळे आपण आता एका मोठ्या परिवाराचा भाग झालो आहोत, असं त्यात छापलं होतं. पडवळाचा मूळ वाण बंद केला आहे, सध्याच्या पाकिटांत त्याऐवजी नवा, आखूड, भरघोस संकरित वाण आहे, तो घ्यावा. पाकिटावरची आजी तीच राहील. खाली पत्ता होता. मजलाही तोच.

कृषी खात्यात फोन केला. तिथले गृहस्थ सौजन्याने बोलले. भाताचं बी होतं त्यांच्याकडे. परसातल्या पडवळाचं कोण ठेवतंय?

आता साबिराबाईंना काय लिहायचं? ‘शोधतो आहे’ एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं, हे आज कळतं. तेव्हा मला वाटलं, आजारी माणसाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत, तसं रिकामं पत्रही पाठवू नये.

श्रावणात भाजी बाजारात एका बाईच्या पाटीत मला ते दिसलं. आखूड, फिकट पडवळांच्या ढिगावर एकच लांबलचक, हिरवं, पांढऱ्या रेघांचं. बाईंचं नाव जयवंती, करंजाड्याच्या. डोळ्यांवर चष्मा आणि काखेत पुस्तक दिसलं म्हणून त्यांनी मला मास्तर ठरवलं, आणि ती दुरुस्ती मी कधी केली नाही.

“हे कुठलं?” मी विचारलं.

“आमचाच. बाकी समदा पाकिटातला हाय. सासऱ्याचा एक जुना येल हाय गोठ्यावर, त्यो काय काढू देत नाय. रोज त्याच्याशी बोलत बसतंय म्हातारा. आमच्याशी नाय बोलत एवढा.”

दुसऱ्याच दिवशी मी करंजाड्याला गेलो. नव्या शहरासाठी जमीन कागदावर कधीच गेली होती, आता प्रत्यक्षात जात होती. खांबांवर उभ्या इमारती, सिमेंटच्या गाड्या, आणि मध्ये एक गोठा, ज्यात गुरं नव्हती. गोठ्यावर वेल पसरला होता. लोंबणाऱ्या प्रत्येक पडवळाच्या टोकाला, ते सरळ वाढावं म्हणून, सुतळीने एकेक दगड बांधला होता. जयवंतीचे सासरे, दादू, खाली बाजेवर बसले होते.

“येल बघाया आलाव?” ते म्हणाले. “बघा बघा. तिकीट नाय.”

“बी कुठलं हे?”

“बापाचा. त्याला कुनी दिला त्यो देवाला म्हाईत. व्हता तेवढा मुठभर बी यंदा लावून टाकला. आता कशाला ठेवायचा?”

इतकं सोपं होतं. बी द्याल का, एवढंच विचारायचं होतं. पण मागणं मला जमत नाही. ते पैसे घेणार नाहीत, मग मी काय म्हणू? कुणासाठी हवंय, मोऱ्याची कोण बाई, लेख कसला, हे सगळं सांगावं लागेल. आणि यांच्या बापाचं बी मी कोण मागणार? म्हणून मी नुसतं बोट दाखवलं. मांडवाच्या मधोमध, सगळ्यांत सरळ, सगळ्यांत देखणं एक पडवळ होतं.

“हे एवढं माझ्यासाठी ठेवाल का?”

“ठेवला. तुमचा झाला.”

बियाला ठेवलेल्या फळाला खुणेचा दोरा बांधतात, म्हणजे कुणी चुकून तोडत नाही, असं मी एका पुस्तकात वाचलं होतं. छापखान्यात प्रुफांचे गठ्ठे बांधायला लाल दोरा असायचा, त्याचं एक रीळ अजून घरी आहे. त्यातला तुकडा मी खिशात घालूनच गेलो होतो. तो मी देठाला बांधला. शेतकऱ्याला वेगळं सांगायची काय गरज, असं मला वाटलं.

“राखी बांधली का पडवलाला?” दादू मोठ्याने हसले. “जयवंते, बघ गो, मास्तरांचा भाऊ! आता कोन हात लावतंय त्याला!”

पुढे मला कळलं की त्या घरात बियाच्या फळाला कधीच कुणी खूण केली नव्हती. कुठलं ठेवायचं ते घरातल्या सगळ्यांना माहीत असायचं. दोऱ्याचा अर्थ फक्त माझ्या पुस्तकात होता.

ते दिवस मात्र चांगले गेले. पडवळ पिकेल, लाल होईल, फुटेल, तांबड्या गरातून बिया निघतील. राखेत घोळून, सुकवून, पाकिटात घालून मोऱ्याला पाठवीन. सोबत दोनच ओळी. त्या ओळीही मी मनात घोळवून तयार ठेवल्या होत्या.

ऋषिपंचमीला रमाचा उपास असतो. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. परसातलं, हाताने खणलेल्या मातीतलं तेवढंच चालतं, त्याचीच सगळी मिळून एक भाजी करायची. ती भाजी मला फार आवडते. मी सकाळी वाचनालयात गेलो होतो, परत आलो तेव्हा घरभर तिचा वास होता. अळू, मका, भेंडी, शिराळं, कसलं कसलं. मी दोनदा वाढून घेतलं.

“पडवळ सुरेख लागतंय,” मी म्हणालो. “कुठून आणलंस?”

“तुमचंच की. करंजाड्याची जयवंती घर विचारत आली, देऊन गेली सकाळी. म्हणाली, मास्तरांनी दोरा बांधून ठेवलेलं, आज ऋषीची भाजी असणार म्हणून मुद्दाम आणलं. निबर व्हायच्या आत काढलं म्हणे, चांगलं कोवळं. पैसे देत होते तर रागावली.”

ओट्यावर, मोरीच्या कडेला, लाल दोरा पडला होता. शेजारी सुतळी बांधलेला दगड.

मी घास गिळला. काय करणार? तो तोंडात होता.

रमाने माझ्याकडे पाहिलं. मग मी तिला सगळं सांगितलं, मोऱ्याच्या पत्रापासून. तिला पत्र आलेलं ठाऊक होतं, बाकी काही ठाऊक नव्हतं.

“अहो, मग तुम्ही सांगायचं नाही का?”

“कुणाला?”

“कुणाला म्हणजे? त्यांना. मला. कुणालाही!”

कचऱ्याच्या टोपलीतून तिने सालं उपसली, गर चाचपला. बिया होत्या. पांढऱ्या, मऊ, नखाने दाबल्या तर पाणी सुटेल अशा. मी त्या वर्तमानपत्रावर वाळत घातल्या. चार दिवसांत त्यांचे नुसते पापुद्रे झाले.

दुसऱ्या दिवशी करंजाड्याला गेलो. पंचमीला परसातल्या भाजीला भाव असतो, त्यामुळे वेल पार उतरवला होता. पानांआड एकच कोवळं पडवळ राहिलं होतं, वीतभर. दादू वाटच पाहत असल्यासारखे उठले.

“कसा लागला?”

‘चांगला लागला’ म्हणावं तर ते खोटं नव्हतं, पण ते मी म्हटलं नाही. मी त्या उरलेल्या पडवळाकडे पाहिलं आणि म्हणालो, “आणखी एखादं...”

“आनखी पायजे? मंग बोला ना!” आणि मी हात वर करेपर्यंत त्यांनी विळ्याने ते कापून माझ्या हातात ठेवलं. “घ्या. कवला हाय. आता काय राहिलाय येलाला, दसऱ्याला गोठा पाडायचा हाय. फ्लॅटची चावी मिलतेय. तिथं काय येल लावायचा? बाथरूमात?”

मी ते पडवळ घेऊन चालत घरी आलो. रमाने ते शिजवलं नाही आणि टाकलंही नाही. खिडकीत ठेवलं, तिथे ते सुरकुतलं.

दिवाळीनंतर मी एकदा मोऱ्याला गेलो होतो. हे रमालाही बरेच दिवस माहीत नव्हतं. उरणला एसटीने, तिथून पुढे रिक्षाने. समोरासमोर सांगू, असा विचार होता. खिशात आजीचं चित्र असलेलं एक पाकीट होतं, अगदीच हात मोकळे नकोत म्हणून. धक्क्यावर मासळी वाळत होती, भाऊच्या धक्क्याची लाँच लागत होती. मी एका चहावाल्याला मुकरींचं घर विचारणार होतो. त्याने आधीच विचारलं, “चाचा, लाँचला थांबलात का?” मी मान डोलावली आणि मग लाँच सुटेपर्यंत तिथेच उभा राहिलो. ती सुटल्यावर तो म्हणाला, “अहो, गेली ना!” परत येताना एका गल्लीत, कुंपणाआड, बांबूचा रिकामा मांडव दिसला. तो त्यांचाच असेल असं नाही. मोऱ्यात पुष्कळ मांडव असतील.

मग पत्र लिहिणं दर महिन्याला आणखी अवघड होत गेलं. पहिल्या वर्षी उशीर झाल्याची माफी मागायची होती. दुसऱ्या वर्षी दाऊदभाई असतील की नाही हेच कळेना, आणि ते विचारायचं कसं हेही सुचेना. आजीचं पाकीट रमाने खिडकीखाली लावलं. आखूड, फिकट पडवळं आली. बी अर्थातच धरलं नाही. धर्मराजच्या दुकानात आता पाकिटांच्या नव्या मांडण्या आल्या. मी गेलो की तो गिऱ्हाइकांना सांगतो, “थांबा, काकांना वाचू द्या. कोण कुणाच्या घरी नांदतंय ते कळू द्या.” आता तर वाचायचंही कारण उरलेलं नाही. मजला न बघता सांगता येतो. साप्ताहिक बंद पडलं. माझा लेख ज्यांनी वाचला असेल ते विसरले असतील, एक घर सोडून.

या श्रावणात करंजाड्याच्या नव्या रस्त्यावर जयवंती भेटली. फुटपाथवर बसून भाजी विकत होती. घाऊक बाजारातून आणलेली, सगळी एका मापाची. दादू गेल्या वर्षी गेले, असं तिने सांगितलं. फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर.

“मास्तर, एक इचारू? त्यो दोऱ्याचा पडवल कसा झालेला?”

मी पुढ्यातली भाजी निवडायला लागलो.

“म्हाताऱ्याच्या लय मनात राहिला बगा. बोलायचा, मी इचारला तर मास्तर काय बोललंच नाय. आवडला का नाय त्यांना, कोन जाने. कडू निघाला का काय? मीच काढला व्हता ना, मलापण वाटायचं, निबर झाला असंल.”

तिच्याकडे पाहताना मला कळलं की खरं सांगणं आता शक्य नाही. तू बी कापलंस, असं तिला कसं सांगायचं? वेल गेला, गोठा गेला, म्हातारा गेला. तिच्या पदरात एवढं टाकून मी कुठल्या चुकीची दुरुस्ती करणार होतो?

“फार चांगला झाला होता,” मी म्हणालो. “मी दोनदा घेतलं.”

ती एकदम खुलली, आणि मग रागावली. “मंग तवाच बोलायचं ना! एवढा एक शब्द! म्हातारा खुश झाला असता.”

घरी आलो आणि कागद घेऊन बसलो. रमाने विचारलं, “काय लिहिताय?”

“नाही म्हणून लिहितोय.”

“लिहा,” ती म्हणाली. चहा ठेवायला गेली.

‘साबिराबाई, तुम्ही पत्ता विचारला होता. पत्ता नाही. मी शोधला, मिळाला नाही. जे पत्ते मिळाले ते सगळे एकाच जागी जातात. माझ्या लेखातलं शेवटचं वाक्य मी न तपासता लिहिलं होतं. ते खोडलं आहे असं समजावं. मोऱ्यात किंवा आसपास कुणाच्या छपरावर जुना वेल दिसला तर तोंडाने मागा. भाजी नको, बी हवं, असं स्पष्ट सांगा. मला ते जमलं नाही. वेल दिसेलच असंही मी म्हणत नाही, आणि दिसला तरी शेजारच्या पाकिटातल्या वेलाचा पराग त्यात मिसळला नसेल याची खात्री कुणी देऊ शकणार नाही. तुम्ही लिहिलंत तसं लांब, पांढऱ्या रेघांचं पडवळ मी शेवटचं करंजाड्याला पाहिलं आणि खाल्लं. तो वेल आता नाही. तुमचे अब्बा असतील तर त्यांना सांगा, त्यांचं म्हणणं खरं आहे. मी खाल्लं ते पाणी नव्हतं.’

माफीचं वाक्य तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. ते लिहिलं तर त्यांना ‘असू दे’ म्हणावं लागलं असतं. खाली सही केली.

सुकापूरच्या रस्त्यावर टपालाची एक पेटी आहे. तिचा रंग उडाला आहे आणि ती उघडताना मी कुणाला पाहिलेलं नाही. म्हणून मी पुढे पोस्टापर्यंत चालत गेलो. खिडकीशी उभं राहून पत्ता पुन्हा तपासला, नाव, गाव, पिन. एक वेलांटी पुसट वाटली, ती गिरवली. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. मी बाजूला झालो आणि पत्र पेटीत टाकलं.